आखाजीचं शीड

"वजन किती तुमचं?"

धुळ्याच्या देवपुरात खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकाने मला विचारलेला हा पहिला प्रश्न. त्याआधी मी चार घरं पालथी घातली होती. तिथे जात विचारली, पगार विचारला, लग्न का झालं नाही ते विचारलं. एका ठिकाणी घोरता का, असंही विचारलं. वजन कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "असेल दीड मण." त्यावर त्यांनी बैलबाजारात बघतात तसं मला पुढून-मागून न्याहाळलं आणि म्हणाले, "थोडं कमी आहे. पण अक्काच्या हातचं खाल तर भरेल. आजच सामान आणा."

हे नाना. आमच्याच शाळेत ते भूगोल शिकवायचे आणि मी नुकताच गणितावर लागलो होतो. वजनाचा उलगडा मला दिवाळीच्या सुट्टीत झाला. नानांची स्वतःची एक शिडाची होडी होती. वाऱ्याने ती एका अंगाला कलली की दुसऱ्या अंगाला बसवायला त्यांना माणूस लागे. आधीचा भाडेकरू जळगावला बदलून गेला होता, आणि त्याच्या जागी मी आलो होतो. भाडं मी दर महिन्याला देत असे, पण त्या घरात माझी खरी नेमणूक वजन म्हणून होती.

आमच्या धुळ्यात पांझरेच्या पाण्यात उन्हाळ्यात म्हैसदेखील धड बुडत नाही. अशा गावात शिडाची होडी बाळगणाऱ्या माणसाला लोक काय म्हणत असतील ते सांगायला नको. पण नानांचा त्याला इलाज नव्हता. तरुणपणी तीन-चार वर्षं ते सुरतेकडे मिठाच्या खात्यात होते. तिथे तापी समुद्राला मिळते. मुखाजवळच्या आडोशाच्या पाण्यात सुट्टीच्या दिवशी साहेब लोक लहान लहान होड्या घेऊन फिरत, आणि त्यांच्यातल्याच एकाच्या तांडेलाने नानांना शीड धरायला शिकवलं. पुढे वडील गेले, नाना घरी परतले, मास्तर झाले. नोकरी सुटली, पण शिडाचं वेड काही सुटलं नाही. "तापी तीच आहे हो," ते म्हणत. "आपण जरा वरच्या अंगाला राहतो, इतकंच."

होडी त्यांनी धुळ्याच्याच एका सुताराकडून करून घेतली होती. त्या बिचाऱ्याने जन्मभर बैलगाड्या केलेल्या. त्याने होडीच्या नाकाला जू अडकवायची खाच ठेवली. नानांनी विचारलं, "हे कशाला?" तर तो म्हणाला, "मास्तर, वारा पडी गया ते बैल कोठे जुपशात?" नानांनी ती खाच तशीच ठेवली. माणसाने मनापासून केलेलं काम खोडू नये, असं त्यांचं म्हणणं.

ही होडी पांझरा आणि तापीच्या संगमावर, मुडावदला एका नावाड्याच्या अंगणात बाभळीखाली पालथी पडलेली असे. दिवाळी आणि उन्हाळा अशा दोन सुट्ट्यांत आम्ही तिथे जायचो. बेटावदपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढे बैलगाडी, मुक्काम देवळाच्या ओसरीत. संगमाखाली तापीला एक लांबलचक डोह आहे. दोन्ही थड्या उंच, त्यामुळे पाणी निवांत असतं. चैत्र-वैशाखात दुपार कलली की पश्चिमेचा वारा नदीच्या पात्रातून वर चढतो, आणि मग शीड असं भरतं की होडी या थडीहून त्या थडीला दोन पानं खाऊन होईपर्यंत पोचते. पहिल्या वेळी मी डोळे मिटून मारुतीचं नाव घेत होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. मी पारोळ्याचा. माझं सगळं पोहणं विहिरीतलं, आणि विहिरीत माणूस कुठे जात नाही. काठाला लागलो तेव्हा मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी नावाड्याच्या बकरीलाही नमस्कार केला.

नानांनी त्या डोहाचा नकाशा केला होता. दोरीला गाठी मारून खोली मोजलेली, आणि प्रत्येक जागेला नाव दिलेलं. एका उथळ, गाळाने भरलेल्या कोपऱ्याचं नाव 'हेडमास्तरांचं आखात'. पाण्याखाली दडलेला एक खडक होता, तो 'इन्स्पेक्टर'. कारण तो कधी वर येईल याचा नेम नसे. खरोखरीचे इन्स्पेक्टर एकदा नानांच्या वर्गावर आले आणि त्यांनी एका मुलाला विचारलं, "धुळ्याहून सुरत कोणीकडे?" मुलगा ताडकन उठून म्हणाला, "साहेब, जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर." साहेबांनी शेरा लिहिला की मुलांना दिशा येत नाहीत. नाना महिनाभर त्या मुलाचं कौतुक करत होते.

होडीत त्यांचा कायदा फार कडक. विडी ओढायची नाही. पाण्यात थुंकायचं नाही. आणि काहीही झालं तरी उभं राहायचं नाही. "होडीत उभा राहतो तो एक तर मूर्ख, नाही तर नवरदेव," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं एक होतं, "वारा आपला नोकर नव्हे, व्याही आहे. त्याला मान द्यायचा, पण जायचं आपल्याच गावाला." हे म्हणताना ते हसत नसत. मी मात्र पोटभर हसत असे, कारण मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं.

एका गोष्टीचं मला कोडं पडे. रोज दुपारी होडी एकदा तरी पलीकडच्या थडीला जाई. तिथे एक गाव होतं. नाव लिहीत नाही, त्यातली माणसं अजून आहेत. त्या गावाचा घाट शंभर-दीडशे पावलांवर आला की नाना शीड खाली घेत, पुन्हा वर चढवत. असं तीन वेळा. मग होडी वळवत. काठाला कधी लावत नसत. एकदा मला तहान लागली होती, म्हणून मी म्हटलं, "नाना, उतरून पाणी पिऊ या." ते म्हणाले, "खाली एवढी तापी आहे, ती प्या." मला वाटलं शिडाचा काही तरी सराव असेल. वजनाने फार प्रश्न विचारू नयेत.

तिथून परत आल्यावर एके दिवशी अक्का, म्हणजे नानांची बायको, ओसरीवर डाळ निवडत होत्या. सहज म्हणाल्या, "काय करता रे दिवसभर त्या पाण्यावर?" मी सगळं सांगितलं. त्या शिडाचंही सांगितलं, गंमत म्हणून. अक्कांचा हात सुपात तसाच राहिला. "तीन वेळा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो, रोज."  मग त्या पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "मला म्हणतात, त्या गावाकडे मी बघतसुद्धा नाही. माझी लेक दिलीय तिथे."

मग मला सगळी कथा कळली. लेकीचं लग्न मुलाच्या गावी होतं, आणि वऱ्हाड तापी ओलांडून न्यायचं होतं. नाव एक, माणसं साठ-सत्तर, आणि मुहूर्त जवळ आलेला. व्याही, त्या गावातली वजनदार असामी, सगळे त्यांना आबा म्हणत, स्वतः वऱ्हाड घ्यायला या थडीला आले होते. ते म्हणाले, बसा सगळे एकदम. नानांनी नावेचा दोर धरून ठेवला. "वीसच्या वर एक माणूस बसणार नाही. माझी पोर आहे नावेत." पहिली वीस माणसं त्यांनी स्वतः मोजून बसवली, आणि एकविसावे निघाले आबा. पोराच्या लग्नात पोराचा बाप भर उन्हात वाळूत उभा राहिला, आणि दुसऱ्या खेपेला पोचला तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. आबांनी मांडवात सर्वांदेखत सांगितलं, "हाऊ मास्तर पुन्हा मन्हा गावमा दिसाले नको." नाना काय कमी? तेही सर्वांदेखत म्हणाले, "तुमच्या गावच्या मातीला मी जन्मात पाय लावणार नाही."

एवढ्यावर भागलं असतं. पण पुढे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खानदेशात दिवाळीला लेक नाही आली तर माणसं गप्प बसतात. आखाजीला नाही आली तर घरात कुणी मेल्यासारखं वाटतं. झोके तिच्यासाठी बांधायचे, गाणी तिने म्हणायची, सांजोऱ्या तिच्यासाठी तळायच्या. नानांनी तिला आणायला पुतण्याला पाठवलं. आबांनी त्याला जेवू घातलं, सांजोऱ्यांचा डबा ठेवून घेतला आणि निरोप दिला, "पोरना बाप सोता लेवाले यी, तव्हय धाडसूत." बापाने स्वतः यायचं, आणि बापाने तर तिथे पाय न ठेवायची शपथ घेतलेली. दरसाल पुतण्या जाई, दरसाल डबा तिकडे राही आणि लेकही तिकडेच राही. अशी चार वर्षं झाली होती. दोन्ही म्हातारे आपापल्या शब्दाला घट्ट धरून बसले होते, आणि मध्ये त्या पोरीची आखाजी वाहून चालली होती.

मला नानांचा फार राग आला. इतका की दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोललो नाही. सगळ्या जगाला वारा कसा ओळखावा ते शिकवणारा हा माणूस, आणि शंभर पावलांवर लेक दिसत असताना शीड वर-खाली करत बसतो! तिसऱ्या दिवशी राग गेला. मला एकदम वाटलं, की शंभर पावलांवर जाऊन परत फिरायला या माणसाला रोज किती जड जात असेल.

पुढच्या वर्षी आखाजीच्या आदल्या आठवड्यात अक्कांनी चुलीपुढून उठून सांगितलं, "या साली मी कढई चढवत नाही. पुतण्याला पाठवू नका. लेक दारात आली तर सांजोऱ्या होतील, नाही तर या घरात आखाजी संपली." त्या मोठ्याने बोलल्या नाहीत. नानांनी टोपी घातली, मला म्हणाले, "चला," आणि आम्ही बिनडब्याचे संगमावर गेलो.  गाडीत त्यांनी वाऱ्याचा विषयसुद्धा काढला नाही.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी गौराई नदीत शिरवतात, म्हणजे विसर्जन करतात. त्या दिवशी त्या भागात बार होतो. दोन गावच्या बायका दोन थड्यांवर उभ्या राहतात आणि एकमेकींना शिव्या देतात. नुसत्या शिव्या नव्हेत, ढेकळंही चालतात. वर्षभराचं जे काही साठलेलं असेल ते त्या दिवशी बाहेर काढायचं, आणि ऐकणाऱ्याने त्याचा राग धरायचा नाही, हा कायदा. बार खेळायचा मान माहेरवाशिणींचा. गावच्या सुना मागे उभ्या राहून बघतात, आणि पुरुष झाडाखाली बसून ऐकतात. त्या दिवशी पाण्यावर कुणी नाव घालत नाही.

नानांनी घातली. मी हात जोडले, पण वजनाचं कोण ऐकतो?

डोहाच्या चिंचोळ्या भागात आम्ही शिरलो तेव्हा बार ऐन भरात होता. डावीकडून एक ढेकूळ आलं, उजवीकडून दोन आली. एक शिडाला लागलं, एक माझ्या पाठीत. आमचं शीड मध्ये आल्यामुळे दोन्ही थड्यांच्या बायकांना एकमेकी दिसेनाशा झाल्या, तशा त्या क्षणभर गप्प झाल्या. मग दोन्ही गावांची युती झाली आणि शे-दीडशे बायकांनी मिळून आम्हाला झोडपायला सुरुवात केली. मी शाळामास्तर माणूस. त्यातल्या निम्म्या शिव्या मला नवीन होत्या. नाना मात्र सुकाणू धरून पलीकडच्या थडीकडे बघत होते, आणि त्यांनी शीड खाली घेतलं. पुन्हा चढवलं. पुन्हा खाली घेतलं.

तेवढ्यात मागच्या सुनांच्या घोळक्यातून एकजण पुढे घुसली. कुणीतरी तिचा हात धरला, "तू सून शेस, मांगे व्हय!" असं एक म्हातारी ओरडली. तिने हात झटकला. "बाप समोर शे मन्हा! मी आज माहेरवाशीनच शे!" असं म्हणत ती पाण्यात गुडघाभर उतरली, आणि दोन्ही थड्या चूप झाल्या.

"ओ मास्तर!" ती ओरडली. "पोर दिधी का पान्यामा बुडाई दिधी? पाच वरीस व्हयनात! दर आखाजीले शीड दखाडतस, तोंड दखाडतस नही! मन्ही माय तठे रडस, मी आठे रडस, आनि तुम्ही नाव फिरावतस! लाज वाटे का नही?"

मग ती मागे वळली. निंबाखाली आबा बसले होते, मिशीवर हात ठेवून. "आनि तुम्ही हो आबा! येक दिन वाळूमा उभा ऱ्हायनात ते पाच वरीस ऊन लागस तुम्हले? तुमना शब्द मोठा, आनि मन्ही आखाजी धाकली?"

बाराची शिवी होती ती. राग धरता येत नव्हता. आबा अर्धवट उठले आणि तसेच थबकले.

आणि नाना उभे राहिले. होडीत. जन्मभर दुसऱ्यांना जे करू दिलं नाही ते त्यांनी केलं. मला वाटतं आपण उभे आहोत हे त्यांना कळलंच नाही. त्यांना लेकीकडे जायचं होतं, एवढंच. होडी माझ्या अंगाला कलली. मी दीड मण, त्यात अक्कांच्या हातचं दीड वर्ष खाल्लेलं. एका दमात शीड, नाना, मी आणि पाण्याची घागर असे सगळे तापीत गेलो. नाकातोंडात पाणी गेलं. मेलो, असं मनाशी पक्कं ठरवून मी हातपाय मारले, आणि पाय जमिनीला लागले. पाणी छातीइतकंच होतं. चष्मा गेला, एक वहाण गेली, पण मी होतो. इतका आनंद मला मॅट्रिक झालो तेव्हाही झाला नव्हता.

नाना मात्र शिडाखाली अडकले होते. पांढरं कापड पाण्यावर पसरलेलं आणि खाली नुसती धडपड. मी चष्म्यावाचून आंधळा, चाचपडतोय. तेव्हा थडीवरून कुणीतरी धोतरासकट पाण्यात झेप घेतली. आबा. साठीचा माणूस, पण तापीकाठचा. दोन्ही हातांनी त्यांनी शीड बाजूला फेकलं आणि नानांना बखोटीला धरून वर काढलं. "मास्तर, हात द्या! हात द्या, बुडशात!"

नाना खोकले. पाणी थुंकले. मान वर करून ते पहिलं जे वाक्य बोलले ते असं, "मी तुमनी माटीवर नही."

"माटी कोठे शे आठे?" आबा म्हणाले. त्यांनी बखोट सोडलं नव्हतं. "आठे बठ्ठा गाळ शे."

"गाळ कोना?"

"तापीमायना."

दोन्ही म्हातारे छातीभर पाण्यात एकमेकांना धरून उभे. दोन्ही थड्यांवर शंभरावर बायका, ढेकळं हातातच.   

"मंग सांगा," नाना म्हणाले. "मी सोता लेवाले उनू, का नही?" बाप स्वतः न्यायला आला की नाही, एवढंच त्यांना आबांच्या तोंडून हवं होतं.

आबांनी थडीकडे बघितलं, सुनेकडे बघितलं.  मग त्यांनी नानांच्या खांद्यावर चिकटलेलं शेवाळ काढून टाकलं.

"उनात," ते म्हणाले. "कोन म्हनस नही?"

 माझा तिथे काय संबंध? मी वजन. पण मी त्या पाण्यात उभ्या उभ्या रडलो, आणि ओला होतो म्हणून कुणाला दिसलं नाही. थड्यांवर एकच कालवा झाला. आबा सुनेकडे वळून ओरडले, "जाय वं पोरी! कपडालत्ता बांध, बाप लेवाले उना तुले! सांजनी मोटार गावाले पाहिजे."

ती जागची हलली नाही. नुसती उभी राहिली, गुडघाभर पाण्यात, दोन्ही हातांनी तोंड झाकून. आबांना वाटलं तिला ऐकू गेलं नाही. ते पुन्हा ओरडले, "अवं, बांध ना! येळ कसाले करस?"

तेव्हा तिने हात खाली घेतले. आता तिचा आवाज ओरडण्याचा नव्हता, पण पाण्यावर सगळ्यांना ऐकू आला.

"बांधेलच शे, आबा," ती म्हणाली. "दर आखाजीले बांधस. मंग सोडस."